रेटा आहे की नाही, ते आधी बघा

कोलशेतहून एका ताईंनी विचारलंय : "सर, मुलगा सातवीत आहे, यंदा शाळेच्या बेसबॉल संघात त्याला घेतलंय. परवा सामना बघायला गेले होते. क्रिकेट मला चांगलं कळतं, पण इथे डोकंच चालेना. एका मुलाला नुसता बेसला पाय लावून आऊट केलं, दुसऱ्याला मात्र अंगाला बॉल लावल्याशिवाय आऊट देईनात. झेल घेतला की सगळे उलटे मागे पळायचे. आमचे चिरंजीव तीन स्ट्राइक होऊनही पळत सुटले आणि अंपायरने चक्क सेफ दिलं! नंतर एक झेल सुटला, तरी बॅटर आऊट. हे काय गौडबंगाल आहे? शिवाय हल्ली तो अमेरिकेतल्या खेळाडूंच्या पगाराचे आकडे ऐकवत असतो. त्यात खरं किती? आणि ग्लव्ह घ्यायचाय, तर कोणत्या हाताचा घ्यायचा?"

ताई, तुम्हाला क्रिकेट कळतं हीच खरी अडचण आहे. ठाण्यात गेली पंचवीसेक वर्षं मी मुलांना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतोय, अंपायरिंगही केलंय, आणि माझा अनुभव असा की ज्या पालकांनी क्रिकेट कधी धड पाहिलं नाही, त्यांना हा खेळ लवकर कळतो. क्रिकेट बघणाऱ्याची नजर बॅट्समन आणि स्टंपवर खिळलेली असते. बेसबॉलमध्ये बॅटरने बॉल मारला की त्याच्याकडे बघायचं काम संपलं. आता बेसवर कोण कोण उभं आहे आणि त्यातल्या कोणाला जागा सोडणं भाग आहे, ते बघायचं. तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

सकाळी साडेआठची ठाणे स्टेशनवरची फास्ट लोकल डोळ्यांसमोर आणा. तुम्ही दाराच्या थोड्या आत उभ्या आहात. मागून लोंढा चढला की तुमची इच्छा असो वा नसो, आत सरकावंच लागतं, कारण तुम्ही उभ्या होतात ती जागा आता दुसऱ्याची झाली. तीच गाडी दुपारी अडीच वाजता घ्या. मागे कोणी नाही. दारात वारा खात उभ्या राहा नाहीतर आत जाऊन बसा, तुमची मर्जी. बेसबॉलच्या पुस्तकात या सकाळच्या रेट्याला 'फोर्स' म्हणतात. मी मुलांना तो शब्द नंतर सांगतो, आधी 'रेटा' शिकवतो.

पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि शेवटी बॅटर उभा राहतो ती होम प्लेट, असे ओळीने थांबे घेत होमला परत आलं की एक रन. धावायला निघालेला बॅटर म्हणजे रनर, आणि एका बेसवर एकच रनर राहू शकतो. बॅटरने बॉल जमिनीलगत मारला की त्याला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. तिथे आधीच कोणी उभा असेल तर त्याला जागा सोडून दुसऱ्याकडे जावं लागतं. दुसऱ्यावरही कोणी असेल तर तो तिसऱ्याकडे. ज्याच्या मागून असा रेटा आहे, त्याला आऊट करायला अंगाला हात लावायची गरज नाही. तो जिथे चाललाय त्या बेसवर, तो पोचायच्या आत, बॉल हातात असलेल्या फील्डरने पाय ठेवला की काम झालं. मागून रेटा नसेल तर मात्र त्याला तिथेच थांबायचा हक्क आहे, म्हणून त्याला बेसच्या बाहेर गाठून बॉल अंगाला लावावाच लागतो. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर असतील आणि दुसरा रिकामा असेल, तर पहिल्यावरच्याला रेटा आहे, तिसऱ्यावरच्याला नाही. तुम्ही पाहिलेले दोन वेगळे आऊट बहुधा याच फरकाचे होते.

यातली खरी मेख पुढे आहे. रेटा मध्येच संपू शकतो. पहिल्या बेसवर रनर आहे, बॉल सरळ पहिल्या बेसच्या फील्डरकडे गेला आणि त्याने आधी आपल्याच बेसवर पाय ठेवून बॅटरला आऊट केलं. आता मागून येणारं माणूसच उरलं नाही! दुसऱ्याकडे धावणाऱ्या रनरवरचा दाब त्या क्षणी गेला, त्याला टॅगच करायला, म्हणजे बॉल अंगाला लावायला हवं. आमच्या मैदानावर दर सामन्यात एकदा तरी हे घडतं : दुसऱ्या बेसवरचा मुलगा बॉल झेलून, बेसवर पाय ठेवून ऐटीत उभा राहतो, आणि डगआऊटमधून बाकीचे दहा जण "टॅग, टॅग" म्हणून बोंबलत असतात.

रेटा विसरल्याची सगळ्यात महागडी गोष्ट १९०८ सालची आहे. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांचा सामना नवव्या इनिंगच्या शेवटी १-१ असा बरोबरीत होता. दोन आऊट झालेले. पहिल्या बेसवर फ्रेड मर्कल हा एकोणीस वर्षांचा पोरगा, आणखी एक जण तिसऱ्यावर. बॅटरने बॉल मोकळ्या जागेत मारला, तिसऱ्यावरचा होमला आला, प्रेक्षक मैदानात घुसले. सामना जिंकला असं समजून मर्कल दुसऱ्या बेसपर्यंत न जाताच परत फिरला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने बॉल मागवून दुसऱ्या बेसला पाय लावला आणि अंपायरकडे दाद मागितली. मर्कलला मागून रेटा होता, तो आऊट. तिसरा आऊट रेट्याचा असेल तर त्या चेंडूवर झालेला रन मोजत नाहीत, त्यामुळे विजयी रन रद्द झाला. सामना बरोबरीत धरला गेला, ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला, तो जायंट्स हरले आणि लीगचं विजेतेपद एका सामन्याने गेलं. मर्कल त्यानंतरही बरीच वर्षं चांगला खेळला, पण त्याच्या नावाला ती चूक कायमची चिकटली. रिकाम्या बेसकडे पळायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट ऐकवतो.

बॅटरला पहिल्या बेसवर थांबायची सक्ती नाही, हेही सांगून ठेवतो. तो पाय लावून सरळ पुढे धावत गेला तरी सेफ असतो, फक्त दुसऱ्याकडे वळायचा प्रयत्न केलेला नसावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर ही सवलत नाही. तिथे पाय सुटला आणि बॉल लागला की खेळ खलास. म्हणून तर पोरं घसरत येतात आणि तुम्हाला त्या लाल मातीच्या पँट धुवाव्या लागतात.

आता झेल. क्रिकेटमध्ये कॅच घेतला की बॅट्समन गेला आणि तो बॉल संपला. इथे बॉल संपत नाही. नियम असा की फील्डरचा हात बॉलला लागेपर्यंत रनरने आपल्या बेसशी नातं सोडायचं नाही. सोडलं असेल तर परत येऊन बेसला पाय लावायचा. म्हणून बॉल उंच उडाला की शहाणी मुलं अर्ध्या वाटेवर थांबून अंदाज घेतात आणि झेल झाल्यावर मागे पळतात. पण पाय लावल्यावर पुढे पळायला त्यांना कोणी अडवलेलं नाही! तिसऱ्या बेसवर रनर असताना बॅटर मुद्दाम लांब, उंच फटका मारतो, स्वतः आऊट होतो, आणि झेल होताच रनर होमकडे सुटतो. याला सॅक्रिफाइस फ्लाय म्हणतात, आणि स्वतःची विकेट देऊन रन काढणाऱ्या त्या पोराचं डगआऊटमध्ये टाळ्यांनी स्वागत होतं. क्रिकेटवाल्या आजोबांना हे पटवताना माझ्या तोंडाला फेस आलाय.

रनर लवकर सुटला असेल तर फील्डिंग करणाऱ्यांनी बॉल त्या बेसवर नेऊन अपील करायचं. अंपायरने पाहिलं असलं तरी तो आपणहून काही बोलत नाही, अगदी क्रिकेटसारखंच. हा आऊट दिसायला रेट्यासारखा दिसतो, पण तो रेट्याचा नाही. हाच तिसरा आऊट असला, तर त्याआधी होमला पोचलेल्या दुसऱ्या रनरचा रन धरला जातो. राज्यस्तरावरच्या सामन्यांतही यावरून स्कोअररशी भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

फाऊलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या सामन्यात विचाराल. होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे फक्कीच्या दोन रेषा जातात, त्यांच्या बाहेर बॉल गेला तर फाऊल. रेषा स्वतः आतली धरायची, बॉल फक्कीवर पडून धूर उडाला तर फेअर. जमिनीलगतचा बॉल बेसच्या अलीकडेच बाहेर वळला तर फाऊल, बेसच्या वरून आतून गेला आणि मग बाहेर वळला तर फेअर. फील्डरचे पाय कुठे आहेत ते बघायचं नाही, बॉल कुठे आहे ते बघायचं. स्ट्राइक म्हणजे बॅटरची वाया गेलेली संधी, त्याला अशा तीनच. फाऊल हा पहिल्या दोन वेळा स्ट्राइक धरतात. त्यानंतर कितीही फाऊल मारले तरी तिसरा स्ट्राइक होत नाही, अपवाद फक्त बंट करताना (बॅट न फिरवता बॉलला नुसती लावताना) झालेल्या फाऊलचा. आणि फाऊल बॉलचा वरच्यावर झेल घेतला तर मात्र आऊट. आमच्या मैदानाला तारेचं कुंपण आहे, त्यापलीकडे रिक्षा उभ्या असतात. तिकडे गेलेल्या फाऊलचा निकाल वेगळ्याच भाषेत लागतो.

तुमच्या चिरंजीवांच्या तीन स्ट्राइकचं आणि सुटूनही आऊट ठरलेल्या झेलाचं उत्तर मी एकत्रच देतो, कारण दोन्ही नियमांचा बाप एक आहे : फील्डिंग करणाऱ्यांनी लबाडी करू नये.

तिसरा स्ट्राइक कॅचरने (आपल्या भाषेत विकेटकीपरने) वरच्यावर, नीट पकडला तरच बॅटर आऊट. बॉल टप्पा पडून आला किंवा मिटमधून, म्हणजे त्याच्या ग्लव्हमधून, निसटला, तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळायची मुभा आहे. त्याला टॅग करा किंवा त्याच्या आधी बॉल पहिल्या बेसवर पोचवा. तुमच्या मुलाने नेमकं हेच केलं. डोकं जागेवर होतं त्याचं, घरी कौतुक करा. पण ही मुभा पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आऊट झालेले असतील तेव्हाच मिळते. का? समजा पहिल्यावर रनर आहे आणि एकही आऊट नाही. कॅचरने बॉल मुद्दाम पाडला असता तर बॅटर पळाला असता, त्याचा रेटा पुढच्यावर आला असता, आणि कॅचरने एका बॉलमध्ये दोन आऊट लाटले असते. ती वाट नियमाने बंद केली आहे.

२००५ साली शिकागो व्हाइट सॉक्सच्या ए. जे. पियरझिन्स्कीने याच नियमाने एंजल्सच्या तोंडचा घास काढला. १२ ऑक्टोबरच्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये १-१ बरोबरी, दोन आऊट, त्याने तिसरा स्ट्राइक हुकवला. कॅचरला वाटलं बॉल आपण नीट पकडलाय, त्याने तो पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) दिशेने लोटून दिला आणि निघाला. अंपायरच्या मते बॉल टप्पा पडून आला होता. पियरझिन्स्की दोन पावलं डगआऊटकडे गेला, मग वळून पहिल्या बेसकडे धावत सुटला. त्याच्या जागी दुसरा रनर पाठवला, पुढच्या बॅटरच्या फटक्यावर तो होमला आला आणि सामना संपला. व्हाइट सॉक्सनी त्या वर्षी वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका जिंकली, १९१७ नंतर पहिल्यांदाच. बॉल खरंच टप्पा पडला होता का, यावर अजून वाद घालणारे लोक आहेत. माझं म्हणणं एवढंच की शंका असेल तर कॅचरने त्याला टॅग करून टाकावं, त्यात काय जातंय?

झेलाचा नियम म्हणजे इनफील्ड फ्लाय. पहिल्या-दुसऱ्या बेसवर किंवा तिन्ही बेसवर रनर आहेत, आणि दोनपेक्षा कमी आऊट झालेत. बॉल इनफील्डवर (बेसच्या आसपासच्या आतल्या भागावर) उंच उडाला, साधा सोपा झेल. रनर बिचारे झेल होणार म्हणून आपापल्या बेसवर थांबलेले. फील्डरने लबाडीने झेल सोडला तर? बॅटर आऊट नाही, म्हणजे सगळ्यांना एकदम रेटा, आणि थांबलेले रनर लोळागोळा झाल्यासारखे दोन-दोन आऊट. म्हणून अंपायर बॉल हवेत असतानाच हात वर करून "इनफील्ड फ्लाय" ओरडतो. त्या क्षणी बॅटर आऊट, झेल घेवो वा सुटो. बॅटर गेला म्हणजे रेटा गेला. रनरनी पळायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर पळावं. बंटचा किंवा सरळ, खालून जाणाऱ्या फटक्याचा हा नियम नाही.

'सोपा झेल' कोणाला म्हणायचं हे अंपायरच्या हातात असतं, आणि तिथेच ठिणगी पडते. ५ ऑक्टोबर २०१२ ला अटलांटात ब्रेव्ह्ज आणि कार्डिनल्सच्या बाद फेरीच्या सामन्यात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) धावत थेट आउटफील्डच्या गवतात गेला, ऐन वेळी बाजूला झाला आणि बॉल खाली पडला. अंपायरने इनफील्ड फ्लाय दिला होता. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ एकोणीस मिनिटं बंद पडला, ब्रेव्ह्ज ६-३ ने हरले. नियमात झेल कुठे घेतला याला महत्त्व नाही, इनफील्डरला तो सहज घेता आला असता का एवढंच बघायचं. तरीही त्या अंपायरच्या जागी मी असतो तर हात वर केला नसता.

अंपायरवरून आठवलं. पहिल्या बेसवर बॉल आणि पाय एकदमच आल्यासारखे वाटतात, तेव्हा आम्ही दोन्हीकडे बघत नाही, बघता येतच नाही. नजर बेसवरच्या पायावर ठेवायची आणि बॉल मिटमध्ये आपटल्याचा आवाज कानाने पकडायचा. आवाज आधी की पाय आधी. रस्त्यावरून वरातीचा बेंजो चालला असेल तर अंपायरचं कठीण असतं. "बरोबरी झाली तर रनर सेफ" असं मुलं म्हणतात. नियमाचे शब्द असे की रनर पोचायच्या *आधी* बेसला बॉलसह पाय लागला तर आऊट, तेव्हा मुलांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण जुने अंपायर सांगतात, बरोबरी होतच नाही, तुला ऐकू काय आलं ते सांग.

आणि ऐकण्यात-बघण्यात चूक होते. २ जून २०१० ला डेट्रॉइटचा पिचर आर्मांदो गालारागा याने सव्वीस बॅटर ओळीने बाद केले होते, एकालाही बेसवर येऊ दिलं नव्हतं. सत्ताविसावाही पहिल्या बेसवर स्पष्ट आऊट होता, पण अंपायर जिम जॉइसने सेफ दिला. सत्तावीसच्या सत्तावीस ओळीने बाद करण्याचा, म्हणजे 'परफेक्ट गेम'चा मान गेला. सामन्यानंतर जॉइसने फिल्म पाहिली आणि सरळ कबूल केलं की माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी सामन्याआधी संघाची यादी अंपायरकडे द्यायला गालारागाच गेला, जॉइसचे डोळे भरून आले. तेव्हा रिप्ले फक्त होमरनपुरता (आपल्या भाषेत सिक्सरपुरता) होता, २०१४ पासून तो अशा निर्णयांनाही लागू झाला. २०२६ च्या मोसमापासून तर बॉल-स्ट्राइकवरही (टाकलेला बॉल नीट होता की बाहेर, या निर्णयावरही) दाद मागायची सोय झाली आहे : संघाला दोन संधी, आणि मागणी करायची ती बॅटर, पिचर किंवा कॅचरनेच, डोक्यावर टपली मारून. ठाण्यातल्या सामन्यांत यातलं काही नाही, इथे अंपायर म्हणेल ते खरं. एवढं पालकांनी धरून चालावं.

मुलगा मोबाइलवर मेजर लीग (अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) बघतो आणि शाळेच्या मैदानावर वेगळं बघतो, त्यामुळेही गोंधळ होतो. तिकडे २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय : बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत बॉल टाकायचा, रनर असेल तर आता अठरा. सामन्याचा सरासरी वेळ त्या एका वर्षात तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. तिकडे नऊ इनिंग, इकडे आयोजक ठरवतील तितक्या. तिकडे लाकडी बॅट, इकडे धातूची. सॉफ्टबॉलच्या मुलींचे सामनेही त्याच मैदानावर असतात. तिथे बॉल खालून टाकतात, बेसमधलं अंतर ६० फूट असतं आणि पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये अंतर ९० फूट, आणि रनर आधीच चार पावलं पुढे जाऊन पिचरचा जीव काढतो.

आता पैशांचं. मुलगा बहुतेक शोहेई ओहतानीचा आकडा सांगत असेल : लॉस एंजेलिस डॉजर्सबरोबर दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलर. आकडा खरा आहे, पण त्याची मांडणी कोणी सांगत नाही. त्यातले ६८ कोटी त्याने पुढे ढकललेत. खेळत असताना वर्षाला २० लाख, आणि २०३४ ते २०४३ दरम्यान वर्षाला ६ कोटी ८० लाख, तेही बिनव्याजी. संघाला आज बाकीचे खेळाडू घ्यायला मोकळीक मिळावी हा हेतू. आपल्याकडचा कुठलाही सीए हे ऐकून डोक्याला हात लावेल! नंतर हुआन सोतोने न्यूयॉर्क मेट्सबरोबर पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाखांचा करार केला. ओहतानीला एवढे पैसे का, तर तो पिचरही आहे आणि बॅटरही, म्हणजे आपल्या भाषेत कपिल देव. २०२४ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे तो पिचिंग करत नव्हता, तर ५४ होमरन मारून आणि ५९ बेस चोरून (फटक्याविना पुढचा बेस गाठून) मोकळा झाला. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांतल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटचा आऊट त्यानेच काढला, समोर त्याच्याच तेव्हाच्या संघातला माइक ट्राउट होता. जपान ३-२ ने जिंकला. सापडलं तर मुलाबरोबर ते षटक बघा. षटकच म्हणतोय, सवय जात नाही.

पण या शिखराखालचा डोंगर मुलाला दाखवा. मेजर लीगमध्ये तीस संघ, प्रत्येकाचे मोसमात १६२ सामने, संघात सव्वीस जण. तिथला किमान पगार २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होता. साधारण पहिली तीन वर्षं संघ देईल तो घ्यायचा, त्यानंतर लवादाकडे जाता येतं, आणि सहा वर्षं भरल्यावर खेळाडू मोकळा होऊन बाजारात उतरतो. मोठे करार तिथे होतात. त्याखाली मायनर लीगच्या पायऱ्या, ज्यावर बहुतेकांचं आयुष्य जातं. २०२३ साली मायनरवाल्यांच्या संघटनेने पहिला करार केला, तेव्हा सगळ्यात वरच्या पायरीवरचा किमान पगार दुप्पट होऊन वर्षाला ३५,८०० डॉलर झाला. अमेरिकेत तेवढ्यात घरभाडं आणि जेवण भागवायचं.

आपल्याकडचं कोणी गेलंय का? गेलंय. २००८ मध्ये भारतात एका स्पर्धेतून वेगाने बॉल फेकणारी मुलं शोधली होती. उत्तर प्रदेशचे रिंकू सिंह आणि दिनेश पटेल त्यातून निवडले गेले. दोघेही भालाफेक करणारे, बेसबॉल कधी न खेळलेले. क्रिकेटमधला रिंकू सिंह हा नव्हे. पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं आणि ते २००९ मध्येच मायनर लीगमध्ये उतरले. पोरं ही ताजी बातमी समजतात म्हणून साल मुद्दाम सांगितलं. दिनेश लवकर परत आला, रिंकूने काही वर्षं काढली, पण मेजर लीगपर्यंत तोही पोचला नाही. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला. मुलाचं मन मोडायला हे सांगत नाही. त्याला स्वप्न बघू द्या, फक्त शाळेची फी भरत राहा.

सरासरीवरूनही घरात भांडण होऊ नये म्हणून सांगतो. इथे सरासरी म्हणजे एकूण संधींपैकी किती वाटा हिटचा, म्हणजे बेस मिळवून देणाऱ्या फटक्यांचा. मेजर लीगची एकंदर सरासरी हल्ली .२५० च्या खालीच असते, म्हणजे चारात तीनदा अपयश. .४०० च्या पुढे मोसम संपवणारा शेवटचा माणूस म्हणून सहसा टेड विल्यम्सचं नाव घेतात, .४०६, साल १९४१. तेव्हा मुलगा दोनदा स्ट्राइकआऊट होऊन घरी आला तर त्याला जेवायला वाढा आणि विषय सोडा.

एका बाबतीत मात्र विषय सोडू नका. तुमचा मुलगा पिचिंग करतो का, हे मला तुमच्या प्रश्नावरून कळलं नाही. करत असेल तर त्याने किती बॉल टाकले ते तुम्ही स्वतः वहीत मोजा. अमेरिकेतल्या लिटल लीगचा नियम असा की अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ च्या वर बॉल टाकायचे नाहीत, तेरा-चौदाच्याने ९५ च्या वर नाही. एका दिवसात ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. आपल्या स्पर्धा दोन दिवसांत उरकायच्या असतात, संघात एकच बरा पिचर असतो, आणि प्रशिक्षकाला चषक दिसत असतो. मी हे दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिल्हास्तरीय स्पर्धेत मी एका मुलाला सकाळी उपांत्य सामना आणि दुपारी अंतिम सामना, दोन्ही पूर्ण टाकायला लावले. "सर, टाकतो ना," असं तो म्हणाला होता आणि मला तेवढंच ऐकायचं होतं. आम्ही जिंकलो. त्यानंतर चार महिने त्याला शाळेच्या फळ्यावर हात वर करून लिहिता येत नव्हतं. तो पुढे पहिल्या बेसवर खेळला, पिचिंग त्याने परत कधी केलं नाही. चषक शाळेच्या कपाटात आहे, मी तिकडे फारसा बघत नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं मुलगा म्हणाला तर बाम चोळून मैदानात पाठवू नका, हाडांच्या डॉक्टरकडे न्या. बॉल वळवायच्या युक्त्या या वयात नकोत. सरळ, नेमका टाकायला येऊ दे, त्यातच दोन वर्षं जातात.

ग्लव्ह ज्या हाताने फेकतो त्याच्या उलट हातात घालायचा. मुलगा उजव्या हाताने फेकत असेल तर ग्लव्ह डाव्या हातात. दुकानात याचाच घोळ होतो, कारण डब्यावर 'उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी' या अर्थाचं लिहिलेलं असतं आणि दुकानदार 'उजव्या हाताचा' म्हणून गळ्यात मारतो. बॅटिंग तो डावखुरा करत असला तरी त्याचा इथे संबंध नाही, फेकायचा हात बघायचा. पहिलाच ग्लव्ह आहे, तर फार मोठा घेऊ नका, 'पुढच्या वर्षी होईल' हा हिशेब बुटांना लावा, ग्लव्हला नाही. बोटं आत घालून त्याला एका हाताने तो मिटता आला पाहिजे. नवा ग्लव्ह कडक असतो; रात्री आत बॉल ठेवून, दोरीने बांधून उशाखाली ठेवायला सांगा, पंधरा दिवसांत जागा धरतो. आणि दुकानात जाताना त्याला बरोबर न्या, दुकानातच दोन बॉल फेकून झेलायला लावा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.